ओघात सोडलेली गाडी : जळगाव ते तोरणमाळ, चार दिवस

पहिला दिवस : जळगाव ते धुळे

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची रजा टाकली आणि सकाळी सातला जळगाव सोडलं. बेत साधा होता. धुळ्याला आप्पांना गाडीत घ्यायचं आणि सातपुड्यातल्या तोरणमाळला नेऊन आणायचं. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत एकतीस वर्षं चालक होते. तोरणमाळची गाडी त्यांनी कितीतरी वेळा वर नेली, पण यशवंत तलावाच्या काठावर निवांत बसणं काही झालं नाही. गाडी लागली, माणसं उतरली, चहा झाला, गाडी परत. "तळं मी काचेतूनच पाह्यलं माय," असं ते मागे एकदा सहज बोलून गेले आणि ते माझ्या मनात रुतून बसलं.

दुसरं कारण गाडीचं. गेल्या वर्षी आम्ही ग्रँड व्हिटारा घेतली, स्ट्राँग हायब्रिड. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि डिकीच्या तळाशी छोटी लिथियम बॅटरी. चार्जिंगची पिन कुठेच नाही, वीज तिची तीच बनवते. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. माझ्या हातून मात्र २१-२२ च्या वर जात नव्हती, आणि आमच्या ह्यांच्या हातून १९. गाडी एकच, रस्ते तेच, म्हणजे फरक पायात आहे हे कळत होतं. पाय नेमका कुठे चुकतो, ते या चार दिवसांत शोधायचं ठरवलं होतं. त्यासाठी एक वही घेतली होती.

थंडीत सकाळी इंजिन गार असतं, तेव्हा गाडी कितीही हायब्रिड असली तरी ते चालूच राहतं, कारण आधी त्याला स्वतः तापायचं असतं. पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्ये स्क्रीनवर १३-१४ चा आकडा दिसतो. तो बघून जीव खालीवर करू नये. रोज भाजीपुरतं दोन किलोमीटर जाऊन गाडी परत लावणाऱ्यांना हायब्रिडचा फायदा दिसत नाही, तो यामुळेच.

बांभोरीला गिरणेच्या पुलाकडे रस्ता उतरायला लागला आणि मी पाय उचलला. इंजिन कधीच गप्प झालं होतं. या महामार्गाची ठेवण नकाशा उघडल्यावर नीट समजते. रस्ता जातो पूर्व-पश्चिम आणि नद्या येतात दक्षिणेकडून, तापीला मिळायला. त्यामुळे जळगाव ते धुळे या पट्ट्यात गिरणा, अंजनी, बोरी, पांझरा अशा एकेक नद्या आडव्या येतात. डोळ्यांना सपाट वाटणारा रस्ता प्रत्येक नदीपाशी थोडा उतरतो आणि पलीकडे हळूहळू चढतो. गाडीत बसलेल्याला हे कळत नाही, सायकलवाल्याला पायांत कळतं. हायब्रिड चालवताना ते सायकलवाल्याचे पाय परत मिळवावे लागतात.

त्या दिवशी मी एकच गोष्ट करत राहिले. उतार दिसला की पाय पूर्ण उचलायचा, आणि पुढे स्पीडब्रेकर, गाव किंवा टोल दिसला की हलका ब्रेक लावायचा. स्क्रीनवर चाकांकडून बॅटरीकडे हिरवे बाण पळायचे आणि वाटायचं, चला, कमाई झाली. एरंडोल, पारोळा अशी पोहोचले. पारोळ्याला चहाला थांबले तेव्हा टायर हाताला मऊ लागले. तिथल्या पंक्चरवाल्याकडे हवा मोजली तर दोन टायरमध्ये २७ आणि २८, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलंय त्याच्या बरीच खाली. निघण्याआधी जळगावात ज्यांच्याकडे हवा भरली, त्यांचा काटाच चुकीचा असावा. मऊ टायरची गाडी पाय उचलल्यावर लगेच दबते, ओघ टिकतच नाही. हायब्रिडचं तंत्र वगैरे सगळं नंतर, आधी हवा.

दुपारपर्यंत धुळं. सरासरी २३.२. वाईट नाही, पण जीव तोडून मिळवलेला आकडा हा नव्हे.

संध्याकाळी देवपूरच्या घरी वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, पातीचा कांदा. जेवणानंतर मी वही काढली तशी आप्पांनी कपाटातून त्यांची काढली. एसटीत मायलेज लिटरवर धरत नाहीत, दहा लिटरवर धरतात. केपीटीएल म्हणतात त्याला. त्यांच्या साध्या गाड्यांना ते पन्नासच्या आसपास पडायचं, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर. दहावर धरलं की पाव-अर्ध्या किलोमीटरचा फरकही पूर्ण आकड्यात दिसतो, आणि चालकाला लपायला जागा राहत नाही. आप्पांच्या वहीत पान उलटावं तसे ५२, ५३, ५१, ५४. पुढे शेऱ्याचा रकाना: 'पाऊस', 'लग्नसराई, गाडी भरून', 'क्लच जड'. हे अक्षर मी लहानपणी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

रात्रीच पंपावर जाऊन टाकी भरली. नोझल पहिल्यांदा टक् वाजून थांबलं की तिथेच थांबवायचं, वर कोंबायचं नाही. परत येऊन याच पंपावर, याच नोझलवर असंच भरायचं, तर हिशोब खरा.

दुसरा दिवस : धुळे ते शहादा

आई गुडघ्यांमुळे आली नाही, डबा मात्र दिला. सकाळी साडेसातला निघालो. सोनगीरपर्यंत मुंबई-आग्रा महामार्ग, मग डावीकडे चिमठाण्याचा रस्ता. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. आईच्या लग्नातला हंडा इथलाच.

आप्पा शेजारी बसले की रस्त्याकडे बघत नाहीत, चालवणाऱ्याच्या पायाकडे बघतात. दहा-बारा किलोमीटर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ब्रेक फार मारते तू माय."

"ब्रेक नाही आप्पा, चार्जिंग होतंय. हे बघा ना बाण."

"वेग कमी झाला का नाही?"

"झाला."

"मग ब्रेकच तो. नाव काही दे."

मी त्यांना समजावलं की या गाडीत ब्रेकचा पाय हलका ठेवला तर मोटरच उलटी चालून जनरेटर होते, वेग विजेत जातो, वीज बॅटरीत जाते आणि नंतर तीच वीज गाडी ढकलते. पॅड घासून उष्णतेत वाया जाण्यापेक्षा हे किती चांगलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. कापसाच्या गाठोड्यांनी फुगलेला एक टेम्पो समोरून येत होता.

"घरचा कापूस व्यापाऱ्याला घालायचा, अन् गरज लागली की त्याच्याकडूनच परत घ्यायचा. दोन्ही टायमाला आडत, हमाली, तोलाई. घरात होता तोच वापरला असता तर?"

मला चाकावर हात ठेवल्या ठेवल्या सगळं लख्ख कळलं. वेग ही घरात असलेली वस्तू आहे. तो विजेत बदलताना थोडा जातो, वीज बॅटरीत शिरताना थोडी जाते, बाहेर येताना थोडी, मोटरमधून परत चाकात जाताना आणखी थोडी. सगळं मिळून चांगला चौथा हिस्सा तरी आडतीत जातो. ज्याला थांबायचंच आहे, त्याने जरूर विजेत बदलावा, ती फुकटची वसुली आहे. पण ज्याला पुढे जायचंच आहे, त्याने वेग मोडायचाच कशाला? गाडी ओघात सोडावी. काल दिवसभर मी नेमकं उलटं केलं होतं.

अडचण अशी, की या गाडीत पाय पूर्ण उचलला म्हणजे गाडी मोकळी सुटत नाही. साध्या गाडीत गिअरमध्ये पाय सोडला की इंजिन जसं मागे ओढतं, तशी ओढ ही गाडी मोटरकडून मुद्दाम देते आणि तेवढा वेग विजेत घालते. मोकळी सोडायची तर पाय उचलायचा नाही. अॅक्सिलरेटरवर नुसता टेकवून ठेवायचा, पेडल जेमतेम दबेल इतका. स्क्रीनवरचे बाण दोन्ही बाजूंनी विझतात. ना इंजिनकडून काही येतंय, ना बॅटरीकडे काही जातंय. गाडी तिच्या स्वतःच्या ओघावर चालली आहे. ही जागा फार अरुंद आहे, केसभर जास्त दाबलं की मोटर वीज खायला लागते, केसभर कमी की बाण उलटे. पहिल्या तासात माझी पोटरी भरून आली. मग बूट काढून पातळ चप्पल घातली आणि पायाला जागा सापडायला लागली.

आप्पांनी विचारलं, "न्यूट्रल का मारत नाहीस?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "नको मारू." त्याची गोष्ट उद्या घाटात. गाडीच्या बाजूने पाहिलं तरी न्यूट्रल नकोच. एन मध्ये ही गाडी बॅटरी चार्ज करत नाही, आणि ऐनवेळी हलका ब्रेक लावला तर तो वेग विजेत न जाता पॅडमध्ये जळतो. साध्या इंजेक्शनच्या गाड्यांतही उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की पेट्रोल बंद होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच. न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हा कार्ब्युरेटरच्या जमान्यातला समज लोकांच्या हातात अजून आहे. उतारावर चावी फिरवून इंजिनच बंद करणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. स्टीअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते. पाच रुपयांच्या पेट्रोलसाठी एवढी जोखीम कुणी घेऊ नये.

चिमठाण्याला बुराई नदीच्या अलीकडे थांबलो. १९४४ साली धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी याच चिमठाण्याजवळ लुटला. आप्पा या रस्त्याने जाताना प्रवाशांना ते सांगायचे. चहाच्या टपरीपाशी आम्ही विजेवरच सरकत आलो, आवाज नाही. बाकावरचे एक बाबा उठून जवळ आले. "ताई, गाडी बंद पडनी का?" नाही म्हटलं, चालू आहे. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. "गरम तं शे," म्हणाले, आणि मग तोच प्रश्न, जो खान्देशात कुठल्याही नव्या गाडीला विचारतात, "पेट्रोल कितलं पेस?" म्हणजे किती पिते.

चिमठाण्यापुढे रस्ता तापीच्या खोऱ्याकडे झुकत जातो. हरभरा फुलावर, गहू हिरवा. इथे खरा सराव झाला. पद्धत अशी बसवली: मोकळ्या रस्त्यावर इंजिनाला ७५ पर्यंत नीट, न घाबरता चढू द्यायचं. अगदी हळू हळू चढवलं तर इंजिन कमी भारावर उगाच जास्त वेळ चालतं, आणि कमी भारावर पेट्रोल इंजिन आळशी असतं. ७५ ला पाय हलका केला की इंजिन बंद. मग टेकवलेला पाय, विझलेले बाण, आणि गाडी ६० पर्यंत उतरेपर्यंत वाट बघायची. उतार असेल तर ती उतरतच नाही. पुन्हा इंजिन. मागे कुणी असेल तेव्हा हे करायचं नाही, एकसारख्या वेगाने जायचं. कारण नुसता पाय उचलल्यावर वेग कमी होतो, पण मागचा लाल दिवा लागत नाही. दोंडाईच्याच्या अलीकडे एक पिकअप अगदी मागच्या बंपरपर्यंत आली तेव्हा हे मला उमगलं. आता आरशात कुणी दिसलं की ओघात सोडण्याआधी ब्रेकला एकदा नुसता स्पर्श करते, दिवा लागतो, मागच्याला कळतं.

एक आकडेमोड आप्पांना करून दाखवली, कारण त्यांना बॅटरी म्हणजे मोठी टाकी वाटत होती. माणसांसकट दीड टनाची गाडी ८० च्या वेगाने चालली असेल, तर तिच्या अंगातला सगळा वेग मिळून विजेचं एक दशांश युनिट भरतो. आणि बॅटरी सबंध पाऊण युनिटाची, तीही गाडी कधी तळापासून काठापर्यंत वापरत नाही. घरचा दोन किलोवॉटचा गिझर तिच्यावर पंचवीस मिनिटंही चालणार नाही. "म्हणजे तांब्या आहे, हौद नाही," आप्पा म्हणाले. हो, तांब्याच. म्हणून तो सतत भरायचा आणि सतत रिकामा करायचा असतो.

ऊस तोडून कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागे बराच वेळ गेला. एरवी मी चिडून ओव्हरटेक केलं असतं. या खेपेला अंतर ठेवून मागेच राहिले, आणि वीसच्या वेगाने दोन-अडीच किलोमीटर गाडी निव्वळ विजेवर चालली. वेगाचं गणित तसंही कठोर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलं तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि त्यावर कुठलीही बॅटरी इलाज करू शकत नाही.

सारंगखेड्याला तापीचा पूल. घोडेबाजाराची यात्रा दत्तजयंतीला होऊन गेलेली, मैदानात खुंट्यांच्या खुणा तेवढ्या उरलेल्या. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं, डबा उघडला. चार वाजता शहादा. दिवसभराचे १०० किलोमीटर, सरासरी २६.३. आप्पांना आधीच सांगून टाकलं, यातला थोडा वाटा उताराचा आहे, धुळं उंचावर आणि तापी खाली. "वही तेच म्हणेल का?" त्यांनी विचारलं. परतीला कळेल.

तिसरा दिवस : तोरणमाळ

पहाटे शहाद्यात कडाक्याची थंडी. आप्पांनी मफलर, स्वेटर, वर शाल घेतलेली, तरी हात चोळत होते. मी हीटर लावला. हायब्रिडमध्ये हीटरची ऊब इंजिनाच्या उष्णतेतून येते, त्यामुळे हीटर चालू म्हणजे गाडी उभी असली तरी इंजिन पुन्हा पुन्हा चालू होणार. आकडा पडणार हे दिसत होतं. पडू दे म्हटलं. बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांपुढे पाव लिटर पेट्रोलाचं काय.

म्हसावद, राणीपूर. पपईच्या बागा संपल्या, केळी संपली, सागाची वाळकी पानं सुरू झाली, आणि सातपुडा समोर उभा. राणीपूरच्या पुढे घाट. चढाला ओघाचं कसलंही तंत्र चालत नाही. वजन वर न्यायचं तर तेवढं पेट्रोल जळणार. करता येतं ते एवढंच, वळणाच्या आधी वेग मोडावा लागू नये असा वेग धरायचा, आणि आकड्याच्या मागे लागून ओढणाऱ्या इंजिनाला उपाशी ठेवायचं नाही. ही गाडी चढावर भुंग्यासारखा एकसुरी आवाज करते, गिअर बदलल्याचे टप्पे येत नाहीत. आप्पांना तो आवाज अजिबात आवडला नाही. "गिअर पाड ना," असं दोनदा म्हणाले. पाडायला गिअर नाहीत, हे सांगून झालं होतं, पण एकतीस वर्षांचा हात डाव्या बाजूला नकळत जातच होता. सात पायरीच्या वळणांवर मात्र ते बोलायचे थांबले. प्रत्येक वळणाआधी, मला ते दिसायच्या आधी, त्यांचा पाय फूटबोर्डवर दाबला जात होता.

वर पोहोचलो तेव्हा ५२ किलोमीटरची सरासरी १५.२.

यशवंत तलाव. पाण्यावर वाफ, काठाला शेवाळाची ओळ, पलीकडे दोन पवारा आदिवासी बायका कपडे धूत होत्या, त्यांच्या आपटण्याचा आवाज अर्ध्या क्षणाने पोहोचत होता. आप्पा एका दगडावर बसले. मी चहा आणला, तो गार झाला, दुसरा आणला. ते काही बोलले नाहीत. एकदा फक्त डावीकडे हात केला, "तिथे लावायचो गाडी." उन्हं अंगावर आली तसा मफलर सोडला. मी घड्याळ पाहिलं नाही. नंतर त्यांनीच सांगितलं, सव्वा तास बसलो.

सीताखाईचं टोक पाहिलं, धबधबा या दिवसांत कोरडा, पण दरीत नजर टाकली की पोटात खड्डा पडतो. एका आजीकडून आमचुराची पिशवी घेतली. दीडला उतरायला लागलो.

आणि इथे मला या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली. माझी कल्पना अशी होती की चढताना घातलेलं सगळं उतरताना वसूल होईल. पहिल्या दोन-तीन किलोमीटरला झालंही. बाण बॅटरीकडे, पट्ट्या भरत चालल्या. मग बॅटरी भरली. ब्रेक लावला तर बाण नाहीत, आणि एकदम इंजिन मोठ्याने घोंगावायला लागलं. पाय अॅक्सिलरेटरवर नव्हताच. मला धस्स झालं, वाटलं काहीतरी बिघडलं. मी गाडी बाजूला घ्यायला लागले तर आप्पा शांतपणे म्हणाले, "चालू दे. इंजिन ब्रेक आहे हा. मशीन गाडीला धरून ठेवून राह्यलं."

बरोबर ओळखलं त्यांनी. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी ती जास्तीची वीज इंजिन नुसतं फिरवण्यात घालवते. पेट्रोल एक थेंब जात नाही, फक्त इंजिन फिरतं आणि हवा दाबण्या-ओढण्यात वेग जिरतो. आवाज मोठा, खर्च शून्य. त्यानंतर मी लीव्हर बी वर टाकला. बी म्हणजे उतारासाठी. तो पेट्रोल वाचवत नाही, ब्रेक वाचवतो, कारण इंजिनची ओढ आधीपासूनच वाढवतो. सपाट रस्त्यावर बी लावून फिरणारे लोक मी पाहिलेत, त्यांना जास्त चार्जिंग म्हणजे जास्त बचत वाटते. तीच आडत-हमाली.

गणित उतरून झाल्यावर केलं. दीड टनाची गाडी आठशे मीटर खाली आणली तर त्यात तीन युनिटांहून जास्त ऊर्जा असते. तांब्या पाऊण युनिटाचा. उरलेलं जाणार कुठे? टायरच्या, हवेच्या विरोधात बरंच, बाकीचं इंजिनच्या घोंगावण्यात. शिवाय आपला तांब्या वरूनच बराचसा भरून निघाला होता, कारण वर आल्यावरही आप्पांसाठी हीटर लावून गाडी उभी ठेवली आणि इंजिनने बसल्या जागी बॅटरी बरीच भरून टाकली. घाट उतरायच्या आधी तलावाभोवती हळू एक-दोन चकरा विजेवर मारून बॅटरी रिकामी करून घेतली असती, तर खाली आणखी थोडी वसूल झाली असती. पुढच्या वेळी करेन. हीटर मात्र पुढच्या वेळीही लावेन.

राणीपूरला गाडी थांबवून चाकांच्या ब्रेकजवळ लांबूनच हात धरून पाहिला, फारशी धग नव्हती. तेव्हा आप्पांनी ती न्यूट्रलची गोष्ट सांगितली. एसटीत लागायच्या आधी ते एका मालट्रकवर क्लीनर होते. चरणमाळ घाटात मालकाचं डिझेल वाचवायला म्हणून ड्रायव्हरने ट्रक न्यूट्रलला सोडला. दुसऱ्या वळणाला ब्रेक तापून सैल पडले आणि गिअर परत पडेना. आप्पा वीस वर्षांचे. ड्रायव्हरने डोंगराच्या बाजूला ट्रक घासत घासत आणला, एक बाजू सबंध सोलून निघाली, आणि मुरमाच्या ढिगावर चढून थांबला. कांद्याची पोती रस्त्यावर. कुणाला लागलं नाही. "त्या दिवसापासून ओघ फक्त सपाटीवर," आप्पा म्हणाले. "घाटात गाडी गिअरमध्येच. उतरताना वाचवायचा असतो तो जीव, डिझेल नाही."

शहाद्याला परत. उतरतीचे, गावातल्या फिरण्यासह ५६ किलोमीटर, सरासरी ३४. ऐकायला मोठा आकडा. दोन्ही बाजू मिळून दिवसाचा मात्र २१.३. फक्त उतारावरचा फोटो काढून लोकांना पाठवणाऱ्यांवर मी यापुढे विश्वास ठेवणार नाही. चढ धरल्याशिवाय उतार सांगू नये.

चौथा दिवस : शहादा ते धुळे

प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम, घाटावर गारठलेले भाविक, पाण्यात पाय बुडवून लगेच बाहेर. तिथून नंदुरबार. गावाजवळ येण्याआधी नाकाला कळलं. मिरचीच्या पथाऱ्या. मैदानच्या मैदान लाल, मधून पाटासारख्या वाटा, आणि तोंडाला फडकं बांधून मिरची पलटणाऱ्या बाया. ओल्या मिरचीचा लाल वेगळा, वाळत आलेल्याचा वेगळा, जवळून बघितलं तर एकाच पथारीत तीन-चार लाल दिसतात. मला ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं, आप्पा मात्र खोल श्वास घेऊन उभे. पाच किलो घेतली, डिकी आता महिनाभर वास मारेल.

नंदुरबारच्या बाहेर मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून आप्पांच्या दाराशी गेले. त्यांचं लायसन चालू आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांची ना नाही. ते दोन मिनिटं नुसते बसून राहिले. सीट पुढे घेतली, आरसे लावले, तिन्ही आरशांत पाहिलं. मग निघाले.

बाण कसे विझवायचे ते मी सांगायला गेले, तर त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. रस्त्यावर तीनशे-चारशे मीटर पुढे नजर. बैलगाडी वळणार हे त्यांना बैलाच्या मानेवरून कळत होतं, एसटी थांब्यावर थांबणार हे हात वर करणाऱ्या माणसावरून. लांबूनच पाय हलका, आणि आपण तिथे पोहोचेपर्यंत रस्ता मोकळा झालेला. दोंडाईच्यापर्यंतच्या सबंध पट्ट्यात त्यांनी ब्रेकला नेमका सात वेळा पाय लावला, मी मोजलं. स्क्रीनवर त्या पट्ट्याची सरासरी २७.९. कंपनीचा आकडा मला सहा महिने सापडला नव्हता, तो बहात्तर वर्षांच्या पायाखाली पहिल्या बैठकीत आला.

दोंडाईच्यापासून मी. रस्ता आता धुळ्याकडे हळूहळू चढता, समोरून वारा, परवाचा उताराचा वाटा व्याजासकट परत गेला. दिवसाचे १३६ किलोमीटर, २५.२.

धुळ्यात तोच पंप, तेच नोझल, पहिल्या टक्-ला थांबवलं. १४.६ लिटर. तीन दिवसांचे ३४४ किलोमीटर. स्क्रीन २४.१ म्हणत होती, पंपाच्या हिशोबाने साडेतेवीस. स्क्रीन थोडी उदार असतेच, म्हणून वही हवी.

घरी आल्यावर आप्पांनी चष्मा लावला, त्यांची जुनी वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली सोळा वर्षांनी एक ओळ आखली. गाडीचा नंबर, किलोमीटर, लिटर. केपीटीएलच्या रकान्यात २३५ लिहून त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग शेऱ्यात, त्याच तिरक्या अक्षरात: 'घाट एक. हीटर चालू. चालक दोन. तळ्याकाठी सव्वा तास.'